लोळलेल्या उसातलं गाव

तेरणा-मांजरा नद्यांच्या काठच्या शिवारात ऊसतोड सुरू झाली, की फडाचा शेवटचा पट्टा उरेल तेव्हा कोयते सावध पडू लागतात. दिवसभर तोडीपुढे सरकत गेलेलं सगळं त्या पट्ट्यात गोळा झालेलं असतं. मुंगूस, धामण, एखादी घोणस, आणि ही सगळी ज्यांच्यामागे तिथवर आली ते उंदीर. मोळी बांधताना बुडाच्या कांड्या कुरतडलेल्या दिसतात तेव्हा शेतकरी औषधाच्या दुकानाकडे निघतो. खरं तर तोवर फार उशीर झालेला असतो.

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघतं, ज्वारी फेब्रुवारी-मार्चपर्यंत खळ्यावर येते. ऊस मात्र बारा महिने उभा असतो, आडसाली असेल तर अठरा. भोवतालचं रान मोकळं होत जातं तसे उंदीर उसाकडे वळतात. तिथे सावली, ओल, गोड रस आणि घारीच्या नजरेपासून आडोसा, सगळं एका जागी मिळतं. वाऱ्याने ऊस लोळला, खाली पाचट साचलं आणि बांधावर कमरेएवढं गवत वाढलं, की फडात त्यांचं गावच वसतं. कुरतडलेल्या कांडीचं वजन तर जातंच, शिवाय त्या जखमेतून कूज आत शिरते आणि साखर उतरते.

सरसकट ‘उंदीर’ म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांच्यात अनेक जाती आहेत. बांध पोखरणारी छोटी घूस बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग टाकते, आत असली की तोंड मातीने बुजवते आणि बिळाच्या पोटात कणसं साठवते. लांब शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असणारा मोठ्या डोळ्यांचा उंदीर कोरड्या माळरानाचा. झुडपी उंदीर तर दाट गवतात आणि झुडपांतच राहतो, तिथेच गवताचं घरटं करतो. मऊ केसांचा शेतउंदीर काळ्या रानाचा. उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगाच त्याला घर म्हणून पुरतात.

या शेतउंदराची एक जुनी नोंद मला फार मोलाची वाटते. वॉल्टर एलियट या ब्रिटिश अधिकाऱ्याने दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी 1839 मध्ये छापली. त्यात तो सांगतो, की एरवी पहिल्या जोरदार पावसाने भेगा मिटतात आणि आतले असंख्य उंदीर मरतात. 1826 मध्ये सुरुवातीचा पाऊस कमी पडला आणि उंदीर बेसुमार वाढले. पेरलेलं बी त्यांनी खाल्लं, पुढे ताटावर चढून ज्वारीची कणसं तोडली. शेतं इतकी उजाड झाली, की सारा भरणं कुळांना जमेना. वडार मंडळींना डझनांच्या हिशेबाने मापभर धान्य देऊन हजारो उंदीर मारवले, तरी संख्या घटल्याचं जाणवलं नाही. 1876-78 च्या दुष्काळानंतरही दख्खनच्या पठारावर उंदरांचा असाच उद्रेक झाला. आपला जिल्हा त्याच पठारावर, त्याच लहरी पावसाचा. म्हणून पाऊस उशिरा लागला, की पेरणीच्या काळजीबरोबर उंदराचीही काळजी करायला हवी.

हजारो मारूनही संख्या का घटत नाही? घुशीची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिलं देते, आणि ती पिलं काही महिन्यांत स्वतः विणीला येतात. आडोसा आणि खाणं शिल्लक असेल तर मेलेल्यांची जागा शेजारच्या बांधावरून भरून निघते. एकट्याने आपल्याच वावरात औषध टाकणं म्हणूनच वाया जातं. सगळ्या शिवाराने मिळून, एकाच आठवड्यात, तेही एप्रिल-मे महिन्यात रान मोकळं असताना काम केलं तर त्याला अर्थ आहे. तेव्हा खाणं कमी असतं, आमिषाला तोंड लागतं, आणि पावसाळ्यातली वीण अजून व्हायची असते.

काम बांधापासून सुरू करावं. रुंद, उंच, गवताळ बांध म्हणजे घुशीचा वाडा. तो ठेंगणा, अरुंद आणि स्वच्छ ठेवावा. उसाची बांधणी करावी, तो लोळू देऊ नये. पाचट जाळा असं मी सांगणार नाही, जमिनीला त्याची गरज आहे. पण ते सरीत बारीक करून पसरावं, बांधाला ढीग लावू नये.

मग बिळं. संध्याकाळी सगळी बुजवायची; सकाळी जी उकरलेली दिसतील तीच वाहती. झिंक फॉस्फाईड वापरायचं तर आधी दोन-तीन दिवस नुसती तेल लावलेली भरड ठेवावी, कारण उंदीर नव्या खाण्याला बिचकतो आणि थोडं खाऊन त्रास झाला तर पुन्हा त्याला शिवत नाही. नंतर 96 भाग भरड, 2 भाग खाद्यतेल, 2 भाग औषध असं कालवून बिळामागे सुमारे 10 ग्रॅमची पुडी आत सरकवून तोंड बंद करावं. हातमोजे हवेतच. पोटात गेल्यावर यातून विषारी वायू निघतो आणि त्यावर उतारा नाही; ते घरात, लेकरांच्या हाताशी कधीही ठेवू नये. ब्रोमॅडिओलोनची तयार वडी सावकाश काम करते, त्यामुळे उंदीर बिचकत नाही. त्यावर के-1 जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो दवाखान्यातच. मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत.

रानातला उंदीर गावात येतो तेव्हा काय होतं, हे मराठवाड्याने पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं कोसळली. घरं सोडावी लागली, धान्य मागे राहिलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेगचे रुग्ण आढळले. पडक्या घरांतल्या धान्यावर उंदीर वाढले आणि रानातल्या उंदरांमधला रोग घरातल्या उंदरांपर्यंत पोचला, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या, हा रोग पसरवणाऱ्या पिसवा दुसरं ऊब असलेलं अंग शोधतात. म्हणून घरात आपोआप उंदीर मरून पडू लागले तर त्यांना हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावं. अशा वेळी आधी पिसवा मारायच्या असतात, उंदीर नंतर.

आपल्याकडे एक प्राणी उंदीर मारण्याचं काम फुकट करतो आणि आपण त्याला अपशकुनी म्हणून हाकलतो. गव्हाणी घुबड पडक्या वाड्यात, विहिरीच्या कपारीत राहतं आणि रात्रभर उंदीर टिपतं. पिलं असताना त्याच्या फेऱ्या आणखी वाढतात. शेतात उंच लाकडी पेटी लावली तर ते तिथेही राहू शकतं, मात्र विषाने अर्धमेला झालेला उंदीर त्यालाही मारू शकतो. घुबडाच्या बसायच्या जागेखाली त्याने ओकलेले राखाडी केसांचे गोळे पडलेले असतात. एखादा गोळा काडीने उकलून पाहा: आत बारीक कवटी निघते, पुढचे दोन दात अजून नारिंगी असतात.