‘अथक’ कोण? माणूस की मेहनत?

दहावी-बारावीचा निकाल लागला, की अभिनंदनाच्या फ्लेक्सवर एक शब्द ठरलेला असतो, ‘अथक परिश्रम’. इन्स्टावर त्याचेच भाऊबंद भेटतात : ‘हसल’, ‘ग्राइंड’. नाशकात कॉलेज रोडच्या जिमपासून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेपर्यंत सगळ्यांनाच अथक व्हायचंय. पण म्हणजे नक्की काय व्हायचंय?

शब्दाची फोड सोपी आहे. ‘थकणे’च्या आधी नकाराचा ‘अ’ लागला, झालं ‘अथक’. रूपही बदलत नाही : अथक प्रयत्न, अथक मेहनत, अथक परिश्रम. गंमत पुढेच आहे. हे विशेषण बहुतेक वेळा कामाला लागतं, माणसाला नाही. ‘तो फार अथक आहे’ असं कुणी म्हणतं का? माणसाला आपण चिवट म्हणतो, धडाडीचा म्हणतो. माणूस थकतोच, हे भाषेलाही ठाऊक आहे!

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. विहिरी खोदायच्या कामावर राबलेला हा मुलगा सैन्यात गेला, तिथे रोइंग शिकला आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत मात्र वैयक्तिक फायनलमध्ये तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. तब्येतीने साथच दिली नाही. पण दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत तो पुन्हा बोटीत बसला. चौघांनी मिळून क्वाड्रपल स्कल्सचं गोल्ड आणलं.

आदल्या दिवशी दत्तू थकला नव्हता का? चांगलाच थकला होता. तरी त्याच्या मेहनतीला ‘अथक’च म्हणावं लागेल. कारण तो थकला, पण काम थांबलं नाही. शिवाय त्या दिवशी वल्ही मारणारे चौघे होते, हेही विसरायला नको.

रात्रभर जागून ‘ग्राइंड मोड ऑन’चं स्टेटस टाकणाऱ्यांनी ‘थकणे’चा आणखी एक अर्थ ध्यानात ठेवावा. हप्ता भरला नाही, की तोही थकतो. झोपेचंही तसंच आहे राव! थकबाकी साचली, की ऐन परीक्षेत वसुली होते. तेव्हा दमलात तर बिनधास्त झोपा. सकाळी उठून पुस्तक पुन्हा उघडलंत, तर तुमचे प्रयत्न अथकच.