कळसूबाई: राज्यातला सर्वांत उंच माथा, पण किल्ला नाही

सह्याद्रीत भटकणाऱ्या मराठी माणसाला डोंगराच्या माथ्यावर पोचलं की तटबंदी, बुरूज, पाण्याची टाकी नि पडक्या वाड्याचं जोतं शोधायची सवय असते. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत उंच जागी मात्र यांतलं काहीच सापडत नाही. 1646 मीटर उंचीच्या कळसूबाई शिखरावर आहे ते फक्त एक देऊळ, आत जेमतेम दोन-तीन माणसं मावतील एवढंसं. राज्यातला सर्वांत उंच किल्ला म्हणजे बागलाणातला साल्हेर. तो 1567 मीटरचा, म्हणजे कळसूबाईपेक्षा 79 मीटरनं कमीच.

एवढ्या उंचीवर किल्ला का झाला नसावा, याचा अंदाज माथ्यावर उभं राहिलं की येतो. किल्ला म्हटलं की शिबंदी आली, धान्याची कोठारं आली आणि वर्षभर पुरेल एवढं पाणी आलं. पश्चिमेला समोरच दिसणाऱ्या अलंग, मदन आणि कुलंग या किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी आहेत. कळसूबाईच्या माथ्यावर देवळाभोवती थोडी मोकळी जागा, की लगेच उतार सुरू. पाण्याची विहीर आहे तीही खालच्या टप्प्यावर. इथे राजा-सरदारांच्या गोष्टी नाहीत. जी गोष्ट आहे, ती घरकाम करणाऱ्या एका मुलीची.

ही गोष्ट 1884 साली छापलेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही नोंदलेली आहे. कळसू ही रानावनात रमणारी कोळ्याची पोर. फिरत फिरत ती डोंगराच्या पायथ्याशी इंदोरे गावात आली आणि एका कुणब्याच्या घरी कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली होती: भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला नेमकी तीच दोन कामं सांगितली. तिनं मुकाट्यानं भांडी घासली, केर काढला आणि तडक डोंगराची वाट धरली. ती पुन्हा खाली आलीच नाही. अखेरपर्यंत ती शिखरावरच राहिली असं सांगतात. तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ या नावानं ओळखली जाते. शब्द मोडला म्हणून घर सोडणाऱ्या या मुलीला परिसरातल्या लोकांनी देवी मानलं. पायथ्याच्या गावांतल्या महादेव कोळी समाजाला ती आपल्यातलीच वाटते.

शिखर अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर आहे. इंदोऱ्याकडूनही वर जाता येतं, पण बहुतेक लोक अकोले बाजूच्या बारी गावातून चढतात. मुंबईहून येणारे रेल्वेनं कसारा किंवा इगतपुरी गाठतात, तिथून घोटीला येतात आणि भंडारदऱ्याकडे जाणारी एसटी किंवा जीप पकडून बारीला उतरतात. गावात घराघरांतून जेवणाची सोय होते. जाताना भाकरी-पिठल्याची ऑर्डर देऊन ठेवायची आणि उतरल्यावर ओसरीत बसून जेवायचं, ही इथली पद्धतच पडून गेली आहे.

बारीपासून माथ्यापर्यंत आठशे मीटरहून जास्त चढ आहे. बऱ्यापैकी सवय असलेल्याला वर जायला तीन तास पुरतात. वाट आधी गावामागच्या भातखाचरांच्या बांधांवरून जाते, मग चढ सुरू होतो. थोडं वर गेल्यावर देवीचं एक लहान देऊळ लागतं. ज्यांना शिखर झेपत नाही ते इथेच नारळ फोडून माघारी फिरतात. त्यापुढे कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि आधाराला कठडे येतात आणि मग या वाटेची ओळख बनलेल्या लोखंडी शिड्या.

शिड्या तीन-चार आहेत, काही जवळजवळ उभ्या कड्याला टेकवलेल्या. त्या नव्हत्या तेव्हा लोक साखळदंडाला धरून कातळ चढत. नवरात्रात येणाऱ्या भाविकांना, त्यातही बायका, मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना वर जाता यावं म्हणून शिड्या, साखळ्या आणि कठडे बसवले गेले. आज त्यांच्यावर सर्वाधिक पावलं पडतात ती पाठीला सॅक लावून आलेल्या ट्रेकर्सची. कळसूबाईचा ट्रेक नवख्यांनाही जमतो असं म्हणतात, त्याचं बरंचसं श्रेय देवीच्या यात्रेला द्यायला हवं.

शिडीवर रांग खोळंबली की शेजारच्या कातळाकडे नीट पाहावं. काळ्या दगडात कुठे कुठे पांढुरक्या, लांबट खुणा दिसतात. ते फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक. दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झालं. जमिनीखाली शिलारस सावकाश निवत असताना असे स्फटिक वाढतात आणि उद्रेकाबरोबर बाहेर येतात. या थरांचे भूवैज्ञानिकांनी तीन मोठे गट पाडले आहेत. त्यांतल्या सर्वांत खालच्या, म्हणजेच सर्वांत जुन्या गटाला नाव दिलं आहे कळसूबाई उपगट. बाकीचे दोन लोणावळा आणि वाई. घरकामाला राहिलेल्या त्या मुलीचं नाव अशा रीतीनं जगभरच्या शोधनिबंधांत जाऊन बसलं आहे.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे थोडी सपाटी आहे. विहीर इथेच. लिंबू-सरबत, ताक, चहा, भजी विकणारी छपरंही इथे दिसतात. त्यांचं सगळं सामान गावातली माणसं डोक्या-खांद्यावरून वर आणतात, त्यामुळे खालच्यापेक्षा जास्त भाव सांगितला म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही. गॅसची टाकी घेऊन शिडी चढणारा माणूस एकदा पाहिला की घासाघीस करायची इच्छा आपोआप मावळते. वाटेवरच्या माकडांना मात्र भाव करायचा नसतो. हातात पिशवी दिसली की ती ओढायची, हा त्यांचा शिरस्ता.

माथ्यावरून दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो. प्रवरेवरचं हे विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या पलीकडे रतनगड आणि हरिश्चंद्रगडाचे डोंगर. पूर्वेकडे बितनगड आणि पट्टा. जालन्याच्या स्वारीनंतर 1679 मध्ये शिवाजी महाराज पट्ट्यावर विश्रांतीला थांबले, म्हणून त्याला विश्रामगड असंही म्हणतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्याची घोषणा 1986 साली झाली. महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर पाहिलं तर कळसूबाईचा पहिला नंबर जातो. पश्चिम घाटाचं सर्वोच्च शिखर केरळातलं अनामुडी, 2695 मीटरचं.

कधी जावं, याचं उत्तर कशासाठी जायचं यावर ठरतं. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याच्या आसपासची झाडं काजव्यांनी लखलखतात. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर ढगात असतो. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, ओल्या कातळावर पाय घसरतो आणि शिड्या निसरड्या होतात. सप्टेंबरात पाऊस ओसरला की सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे होतात. थंडीत हवा स्वच्छ असते, पण पहाटे माथ्यावर वारा झोंबतो, म्हणून सूर्योदयासाठी रात्री चढणाऱ्यांनी कानटोपी आणि बॅटरी विसरू नये.

खरी गजबज नवरात्रात. नऊ दिवस यात्रा भरते, ओटीचं सामान, हार-फुलं आणि खेळण्यांची दुकानं लागतात. नऊवारीचा काष्टा मारून अनवाणी चढणारी आजी धापा टाकणाऱ्या कॉलेजच्या पोरांना मागे टाकून जाते, हे दृश्य त्या दिवसांत नवलाचं नसतं. घोटी-इगतपुरी भागातली काही मंडळी तर नवरात्रात रोज शिखर गाठतात.

अलीकडे शनिवार-रविवारीही यात्रेसारखीच गर्दी होते. चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर समोरासमोर आले की तासभर खोळंबा होतो. माथ्याच्या खालच्या उतारावर प्लॅस्टिकच्या बाटल्या साचतात आणि त्या गोळा करायला पुन्हा गावकऱ्यांनाच उतरावं लागतं. ज्यांना सवड आहे त्यांनी मधल्या वारी यावं, त्यातही मंगळवारी किंवा गुरुवारी. त्या दिवशी देवीची नेमाची पूजा असते, त्यासाठी पुजारी वर येतो आणि शिड्यांवर रांगही लागत नाही.