बादलीभर ऊन

आमच्या वाड्यात पूर्वी तांब्याचा बंब होता. पहाटे आई त्यात ढलप्या आणि चिपाडं घालून पेटवायची. घरात एक नियम कडक होता: बंबातून जेवढं ऊन पाणी काढाल, तेवढं गार पाणी वरून ओतायचं आणि जाळ विझत आला असेल तर मागच्या माणसासाठी एक ढलपी सारायची. कुणी आळस केला, की शेवटच्या माणसाच्या वाट्याला कोमट पाणी यायचं. मग कुणी आळस केला ते लगेच कळायचं.

पुढे वाडा गेला, साताऱ्यातच लहानसं घर बांधलं आणि बंबाच्या जागी गिझर आला. मागच्या माणसाची काळजी संपली, पण महिन्याअखेर बिलाची काळजी सुरू झाली. म्हणून काही वर्षांपूर्वी गच्चीवर दीडशे लिटरचं सौरबंब बसवलं. त्या दिवशी मी शेजाऱ्यांना ऐटीत सांगितलं, "आता पाणी तापवायचा खर्च शून्य!"

त्या हिवाळ्यात डिसेंबरचं बिल आलं. मागच्या वर्षीच्या डिसेंबरचं बिल काढून शेजारी ठेवलं, तर नवं बिल थोडं जास्तच! सौ. काही बोलली नाही. दोन्ही बिलं तिने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

असं का झालं, हे सांगण्याआधी थोडा हिशेब करू. शाळेत शिकलेला, सोपाच आहे. हिवाळ्यात नळाचं पाणी साधारण वीस अंशांचं असतं. आंघोळीला बेचाळीस अंशांचं पुरतं. वीस लिटरची एक बादली तेवढी तापवायला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. म्हणजे दोन हजार वॉटचा गिझर पंधरा मिनिटं चालला, की एक बादली झाली. घरात चार माणसं असतील तर रोजचे दोन युनिट, महिन्याचे साठ. शिवाय घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. वापर वाढला, की वरचे युनिट महागाच्या टप्प्यात जातात. म्हणून वाचवलेले साठ युनिट हे स्वस्तातले नसतात, ते महागाच्या टोकाकडचे असतात.

हीच उष्णता ऊन किती देतं? आपल्याकडे स्वच्छ दिवशी एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात सुमारे पाच युनिट इतकी ऊर्जा पडते. शंभर लिटरच्या सौरबंबाला साधारण दोन चौरस मीटरचा तापक लागतो. त्यावर पडतात दहा युनिट. त्यातली निम्मी उष्णता पाण्यात उतरली, असं धरू. मग पाच युनिट मिळाले, म्हणजेच दहा बादल्या. रोज, फुकट.

या यंत्रात मोटार नसते. तापकातलं पाणी तापलं की हलकं होतं आणि वरच्या टाकीत चढतं. टाकीतलं गार पाणी जड म्हणून खाली तापकात उतरतं. ऊन असेपर्यंत ही फेरी आपोआप चालू राहते. काच ऊन आत घेते आणि उष्णता कोंडून धरते, ही युक्ती जुनीच आहे. सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये काचेची पेटी करून तिच्यात पाणी उकळण्याइतकी उष्णता मिळवली होती. आपल्या मुंबईतही विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या उच्च न्यायालयातल्या एका अधिकाऱ्याने आरशांनी ऊन एकवटून अन्न शिजवण्याचे प्रयोग केले आणि उष्ण देशांत उन्हाला इंधनाची जागा देता येईल, असं सांगणारं पुस्तक १८७८ मध्ये लिहिलं. म्हणजे आपण काही फार नवं करतोय असं नाही.

मग माझं बिल का चढलं? जानेवारीत प्लंबरला बोलावलं. पोरगेलासा मुलगा. गच्चीवर गेला, टाकीला हात लावला, खाली येऊन न्हाणीघराबाहेरच्या बटणांकडे पाहत म्हणाला, "काका, हे बटण कधीपासून चालू आहे?"

ते बटण टाकीतल्या विजेच्या कॉइलचं होतं. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, त्यासाठी ही सोय असते. जुलैत मी ते चालू केलं होतं आणि नंतर विसरून गेलो होतो. सकाळी आम्ही चौघांनी पाणी वापरलं, की टाकीत गार पाणी शिरायचं, अगदी बंबात ओतावं तसं. सूर्य वर यायच्या आत कॉइल ते तापवून ठेवायची. दहा वाजता ऊन तापकावर पडायचं तेव्हा त्याला करायला काम उरलेलंच नसायचं. रात्रभर टाकी थोडी निवायची, तेवढी भरपाईही विजेनेच. आणि गिझरमध्ये पंधरा लिटर पाणी तापायचं, इथे दीडशे! शिवाय पाणी भरपूर आहे म्हणून भांड्यांनाही तेच वापरलं जात होतं. चूक यंत्राची नव्हती, माझी होती.

"बटण फक्त पावसाळ्यात, आणि तेही आंघोळीच्या तासभर आधी लावायचं," असं मुलगा सांगून गेला. त्याच महिन्यापासून बिल उतरलं. फ्रिजवर तिसरं बिल मी स्वतः लावलं.

तेव्हापासून मी आणखी दोन गोष्टी शिकलो. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत आमचा पाऊण इंची नळ पंधरा मीटर लांब आहे. त्यात चार लिटरहून जास्त पाणी मावतं. नळ सोडला की आधी ते गार पाणी येतं. एकाने सहाला आणि दुसऱ्याने आठला आंघोळ केली, तर मधल्या वेळेत नळातलं पाणी पुन्हा निवतं. म्हणून आम्ही आंघोळी एकामागून एक उरकतो, पहिलं गार पाणी बादलीत धरून झाडांना घालतो आणि नळाला फोमचं वेष्टण घातलं आहे. दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची. त्यातल्या क्षारांचा पांढरा थर तांब्याच्या नळ्यांत बसतो आणि फेरी मंदावते. बोअर असेल तर काचेच्या नळ्यांचा प्रकार बरा पडतो. तोही अधूनमधून साफ करावा लागतोच.

आता माझा पुतण्या विचारतो, "काका, सोलर बसवू का?" मी विचारतो, "कुठलं?" कारण आपण दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव दिलं आहे. एक पाणी तापवतं, दुसरं वीज करतं. वीज करणारं पॅनेल उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतं. म्हणजे त्याच दोन चौरस मीटरवर दोन युनिट मिळतात. गिझर लावला तर चार बादल्या, दहा नव्हेत. उष्णताच हवी असेल आणि गच्ची लहान असेल, तर उन्हाची आधी वीज आणि मग विजेची उष्णता करणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

पण दुसरी बाजूही आहे. मे महिन्यात ऊन पाणी कुणाला नको असतं आणि उरलेली उष्णता शेजाऱ्याला देता येत नाही. उरलेली वीज मात्र नेट मीटरमधून वीज कंपनीकडे जाते आणि बिलात वळती होते. पंखा, फ्रिज, मिक्सर सगळं त्यावर चालतं. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये असं अनुदान ठरवलं गेलं. ते वीज करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, सौरबंबासाठी नाही, हे लक्षात ठेवावं. किलोवॉटभर पॅनेलला सुमारे शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते.

म्हणून पुतण्याला मी म्हटलं, आधी आठवडाभर मीटर वाच. सकाळी गिझर लावण्याआधी आणि आंघोळी उरकल्यावर आकडा वहीत लिही. मग सकाळी नऊला, बाराला आणि दुपारी तीनला गच्चीवर जाऊन बघ, शेजारच्या टाकीची किंवा झाडाची सावली कुठे पडते. हे हिवाळ्यात बघ, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या लांबतात. तापक दक्षिणेकडे तोंड करून, जरा जास्त कलता लावायचा तो याचसाठी. ऊन पाण्याची गरज हिवाळ्यातच जास्त असते.

वहीतला आकडा सांगेल, तुझा खर्च पाण्यावर होतो की बाकीच्या घरावर. त्यावर ठरव. आणि काहीही बसवलंस, तरी ऑक्टोबर उजाडला की एकदा बटणाकडे बघ.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)