विद्रावक रंजके : रंगाचा स्वभाव आणि त्याचे स्थान



‘रञ्ज्’ या संस्कृत धातूचे दोन अर्थ आहेत : रंगणे आणि अनुरक्त होणे. रसायनशास्त्रातही रंजकाची ओळख बरीचशी याच प्रश्नाने होते, की ते कशात रमते? जी रंजके पाण्याला दाद देत नाहीत, परंतु तेल, मेण, स्पिरिट वा रॉकेल यांत समरस होतात, त्यांना विद्रावक रंजके म्हणतात.

बालाघाटच्या श्रोत्यांना हा भेद लाखेवरून सहज उमगेल. पळसाच्या वा कुसुमाच्या फांदीवरची लाख कुटून धुतली, की तिच्यातील तांबडा रंग पाण्याबरोबर निघून जातो. मागे उरणारी राळ मात्र पाण्यात विरत नाही. ती स्पिरिटात विरते आणि लाकडाला चकाकी देते. एकाच लाखेत असे दोन स्वभाव नांदतात. कापडासाठीच्या पुष्कळ रंजकांच्या रेणूंना मिठासारखे विद्युतभारित गट जोडलेले असतात, म्हणून ती पाण्यात विरतात. विद्रावक रंजकांत सामान्यतः असे गट नसतात, म्हणून ती तेलाच्या कुळात जातात.

त्यांचे मुख्य प्रकार चार. पिवळ्यापासून तांबड्यापर्यंतच्या छटा देणारी अ‍ॅझो रंजके स्वस्त असून मेण, तेले आणि पॉलिश यांत वापरतात. अँथ्राक्विनोन वर्गातील निळी, जांभळी व हिरवी रंजके उष्णता आणि प्रकाश चांगला सोसतात. म्हणून पॉलिस्टायरीन, अ‍ॅक्रिलिक यांसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकला ती मानवतात. क्रोमियम वा कोबाल्ट यांच्याशी बांधलेली धातुसंकुल रंजके लाकडावरील रोगण, चामड्याचा शेवटचा हात आणि छपाईची शाई यांत उपयोगी पडतात. चौथ्या गटात निग्रोसीन आणि तत्सम क्षारकीय रंजके येतात. बुटांचे काळे पॉलिश आणि बॉलपेनची शाई ही त्यांची परिचित उदाहरणे. पॉलिथिनसारख्या मऊ प्लॅस्टिकमधून मात्र ही रंजके हळूहळू पृष्ठभागावर येतात. तेथे न विरघळणारी रंगद्रव्येच वापरावी लागतात.

शिधापत्रिकेवरील निळे रॉकेल पुष्कळांनी पाहिले असेल. सवलतीचे हे रॉकेल कोणी डिझेलात मिसळले तर ओळखू यावे, म्हणून त्यात तेलात विरणारा निळा रंग घालीत. येथे रंग हा प्रामाणिकपणाचा पहारेकरी होता.

परंतु हाच गुण स्थान बदलताच घातक ठरतो. लोण्याला पिवळेपणा आणणारे ‘बटर यलो’ उंदरांत यकृताचा कर्करोग निर्माण करते, हे १९३०च्या दशकात जपानी संशोधकांनी दाखविले. पुढे २००३ साली भारतातून गेलेल्या तिखटात फ्रान्समध्ये ‘सुदान-१’ हे अ‍ॅझो रंजक आढळले. २००५ साली ब्रिटनमध्ये अशाच भेसळीच्या तिखटापासून केलेल्या सॉसमुळे चारशेहून अधिक खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले. पॉलिश आणि मेण यांसाठीचे हे रंजक प्राण्यांवरील प्रयोगांत कर्ककारक ठरले आहे. अन्नात वापरण्यास भारतातही त्याला परवानगी नाही.

येथे विद्राव्यतेचे ज्ञान थेट स्वयंपाकघरात येते. तिखटाची चिमूट पाण्यावर टाकावी, रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर भेसळ समजावी, ही घरगुती परीक्षा प्रसिद्ध आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. ती केवळ पाण्यात विरणारा रंग पकडते. सुदान तिच्या हाती लागत नाही. मग तेलात टाकून पाहावे काय? तेही निरुपयोगी, कारण मिरचीचा स्वतःचा रंगही तेलातच उतरतो. रश्श्यावरची लाल तर्री त्याचीच साक्ष देते. म्हणून अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच. गृहिणीच्या हाती उरतो तो जुना उपाय : अख्खी मिरची निवडून आणावी आणि डोळ्यांदेखत कांडून घ्यावी.

श्रोतेहो, बुटावर शोभणारा रंग ताटात आला की विष होतो. त्यात दोष रंगाचा नसतो, त्याचे स्थान बदलणाऱ्या हाताचा असतो. तो हात ओळखण्यासाठी रंगाचा स्वभाव ठाऊक असावा लागतो, आणि ते शिकविणे हे शाळेचे काम आहे.