मळ्यातली पेटी मोबाईलला ओ देत नाही, तेव्हा



रात्रपाळीच्या विजेला मोटर सुरू करण्यासाठी अंधारात बांधावरून जाणे कुणालाच नको असते. म्हणून आता काही मळ्यांत मोटर, ठिबकचे व्हॉल्व्ह आणि गोठ्यातले दिवे एका छोट्या कॉम्प्युटरला जोडलेले दिसतात. शेतघरात राऊटरशेजारी ही पेटी बसवलेली असते. कुणी रास्पबेरी पायवर होम असिस्टंट घालून घेतो, कुणी तयार कंट्रोलर आणतो. मळ्यात उभे असताना सगळे झकास चालते. तालुक्याला बाजारासाठी गेलात की फोनवर नुसते चाक फिरत राहते. मग माणूस वैतागून दिसेल ते बटण दाबत सुटतो, आणि होता त्यापेक्षा घोळ वाढतो.

पाट फुटला तर आपण काय करतो? विहिरीपासून कडेकडेने चालत जातो आणि पाणी कुठवर आले ते पाहतो. इथेही तसेच करावे. आधी मळ्यात जाऊन तिथलेच वायफाय धरावे आणि पेटीचा आतला पत्ता उघडावा. हा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. होम असिस्टंट असेल तर त्याच्या शेवटी ८१२३ हा आकडा लागतो. पान उघडले तर पेटी धड आहे, दोष बाहेरच्या वाटेत आहे. उघडले नाही तर दोष आतलाच, बाहेरच्या वाटेला हात लावू नये. ही एक गोष्ट ठरली की अर्धे काम झाले.

बाहेरची वाट तपासताना फोनचे वायफाय बंद करून मोबाईल डाटावर यावे. वायफायवर राहूनच बाहेरचा पत्ता टाकला, तर कित्येक राऊटर आतल्या माणसाला वळसा घालून परत आत येऊ देत नाहीत. मग नसलेला दोष दिसतो.

आता आतले दोष पाहू. यातला मोठा वाटा विजेचा. राऊटर आणि पेटी मोटरच्याच लाइनीवर असतील तर वीज जाताच दोन्ही झोपणार. म्हणून आधी मळ्यातल्या माणसाला फोन करून राऊटरचे दिवे लागलेत का, एवढे विचारावे. बरेच राऊटर १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटी बॅटरी मिळते. घेताना राऊटरच्या चिठ्ठीवरचे व्होल्ट जुळवून घ्यावेत. वीज सारखी जात-येत राहिली तर पेटीतले मेमरी कार्डही खराब होते, तेव्हा पेटीलाही बॅटरीचा आधार द्यावा.

वीज परत आल्यावर दोन घोळ होतात. पहिला पत्त्याचा. राऊटर प्रत्येक यंत्राला नंबर वाटतो, आणि पुन्हा सुरू झाल्यावर पेटीला काल .२० दिला असेल तर आज .२३ देऊ शकतो. आपण मात्र जुन्याच नंबरावर हाका मारत बसतो. राऊटरमध्ये पेटीचा नंबर कायमचा राखून ठेवता येतो, तो ठेवावा. दुसरा घोळ घड्याळाचा, आणि हा सहसा लक्षात येत नाही. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये बॅटरीवरचे घड्याळ नसते. ती वेळ इंटरनेटवरून घेते. इंटरनेट उशिरा आले तर पेटी जुन्याच वेळेत वावरते. मग सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि पहाटेचे ठिबक भलत्याच वेळी सुटते. डीएस३२३१ नावाचे घड्याळाचे छोटे कार्ड बटणसेलसह बसवले की ही पीडा टळते.

आता बाहेरची वाट. राऊटरच्या पानावर इंटरनेटचा म्हणजे वॅनचा पत्ता पाहावा. तो १० ने सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर तुम्ही मोठ्या वाड्यातले एक बिऱ्हाड आहात. कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवलेले असतात. तुमचे पत्र बाहेर जाते आणि त्याचे उत्तरही येते, पण परक्याने आपणहून पाठवलेले पत्र कोणत्या खोलीचे ते पोस्टमनला कळत नाही. सिमवर चालणाऱ्या राऊटरला हे हमखास असते. अशा वेळी राऊटरमध्ये पोर्ट उघडण्यात दिवस घालवू नका, काही उपयोग नाही. पेटीनेच आतून बाहेर जोडणी धरून ठेवावी, हा उपाय. टेलस्केलसारखी खासगी वाट, नाहीतर पेटीच्या कंपनीची स्वतःची सेवा, दोन्ही याच रीतीने चालतात.

पत्ता सार्वजनिक असला तरी माझा सल्ला तोच. ८१२३ चे दार सगळ्या जगाला उघडे टाकू नये. 'माझ्या विहिरीवर कोण येतंय?' असे म्हणू नका. हे काम माणूस करत नाही, यंत्र करते. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे सगळे पत्ते एका कॉम्प्युटरवरून ४५ मिनिटांच्या आत चाळता येतात, हे २०१३ सालीच दाखवले गेले. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किडीने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राऊटर ढिगाने ताब्यात घेतले. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

ज्यांच्याकडे फक्त सिमवरचा जुना मोबाईल स्टार्टर आहे, त्यांनी रिचार्ज संपला आहे का ते आधी पाहावे. स्टार्टर टू-जीचा असेल तर जिओचे सिम त्यात चालत नाही, कारण त्या कंपनीची सेवा पहिल्यापासून फोर-जीची आहे.

यापुढचे मात्र जिवाशी गाठ असलेले. फोन लागत नाही म्हणून तुम्ही गावातून पाच वेळा 'चालू' दाबता. त्याच वेळी मळ्यात कुणी मोटरचे कनेक्शन सोडून बसलेला असतो. जोडणी परत येते आणि अडकलेला हुकूम जाऊन पोचतो. म्हणून मोटरला हात लावणाऱ्याने मेन स्विच पाडून किटकॅट फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. पेटी बंद केली एवढ्यावर कधीच विसंबू नये. आणि गावातल्याने मळ्यात फोन करून विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा बटण दाबू नये.

फोनवर 'चालू' दिसते म्हणजे पाणी पडते आहे असेही नव्हे. पुष्कळदा तो फक्त दिलेला हुकूम असतो. मोटरच्या वायरीवर करंट मोजणारा सेन्सर बसवला तर खरे काय ते कळते. मोटर थांबवण्याचे काम इंटरनेटवर सोपवूच नये. सिंगल फेज प्रिव्हेंटर, कोरडी चालल्यास बंद करणारे साधन आणि टायमर हे मळ्यातच, स्टार्टरजवळ असावेत. जोडणी तुटली तरी ठरल्या वेळी मोटर बंद झाली पाहिजे. नवी पेटी बसवून घेताना बसवणाऱ्यासमोरच मोटर सुरू करून राऊटरची पिन काढावी आणि मोटर वेळेवर थांबते का ते पाहावे. थांबली नाही तर बाकीचे पैसे देऊ नयेत.

रेडिओवर ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते इथे छापले आहेत. पेटीचा राखीव नंबर, राऊटरचे व्होल्ट आणि सिमच्या रिचार्जची तारीख एका कागदावर लिहून तो स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. पासवर्ड तिथे लिहू नये.