ताटाचा फोटो आणि कॅलरीचा आकडा: किती विश्वास ठेवावा?

मधुमेह निघाला किंवा वजन वाढले की डॉक्टर सांगतात, "खाण्याकडे लक्ष द्या." मग मुलगा किंवा सून मोबाइलवर ॲप टाकून देते. ताटाचा फोटो काढला की कॅलरी, प्रथिने, कर्बोदके यांचे आकडे समोर येतात. हे आकडे येतात कसे, ते आपण समजून घेतले पाहिजे.

हे काम साधारण तीन टप्प्यांत होते. आधी पदार्थ ओळखला जातो, मग त्याचे प्रमाण ठरवले जाते आणि शेवटी पोषणाच्या तक्त्यावरून हिशेब केला जातो. तिन्ही ठिकाणी चूक होऊ शकते.

पदार्थ ओळखायला संगणक असंख्य फोटोंवरून शिकतो. 'फूड-१०१' हा २०१४ सालचा प्रसिद्ध फोटोसंग्रह आहे. त्यात १०१ पदार्थांचे १,०१,००० फोटो आहेत. पिझ्झा आहे, सुशी आहे, समोसाही आहे. पण भाकरी नाही. नंतर मोठे संग्रह आले, तरी जे शिकवलेच नाही ते यंत्राला ओळखता येत नाही.

प्रमाणाची अडचण याहून मोठी आहे. वरून काढलेल्या फोटोत वाटीची खोली कळत नाही. आमटीखाली भात किती, हेही दिसत नाही.

सगळ्यात फसवे असते ते तेल. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, तर एक ग्रॅम प्रथिनात किंवा कर्बोदकात ४. चहाच्या एका चमचाभर तेलात सुमारे ४० कॅलरी असतात. वांग्याच्या भाजीत तुमच्या वाट्याला एक चमचा तेल आले की तीन, हे फोटोवरून ठरत नाही. चहातल्या साखरेचेही तसेच.

मग ॲप काढून टाकायचे का? नाही. रोज काय आणि किती वेळा खाल्ले, याची नोंद म्हणून ते उपयोगी आहे. फोटो थोडा तिरका काढा, शेजारी नेहमीचा चमचा ठेवा, उरलेल्या ताटाचाही फोटो घ्या. भाकऱ्या किती, तेल किती, हे स्वतः लिहा. ॲपने पदार्थाचे नाव चुकवले असेल तर दुरुस्त करा.

मात्र फोटोच्या आकड्यावरून इन्सुलिनचा डोस किंवा गोळी स्वतःहून बदलू नका. ती नोंद डॉक्टरांना दाखवा. आणि भाजीत तेल किती पडले, हे मोबाइलऐवजी स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारा.