वाऱ्यापावसातला तंबू

डोंगरावर नेण्यासाठी तंबू निवडताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो : वजन किती आणि किंमत किती? झाडीतल्या मुक्कामाला तेवढे पुरते. पण हरिश्चंद्रगडासारख्या उघड्या पठारावर भर पावसात तंबू फाटला, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. ओले कपडे आणि वारा एकत्र आले, की हवेचे तापमान १० अंश सेल्सियस असतानाही शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते.

आधी वाऱ्याचा हिशेब करू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किमी वेगाचा वारा आडव्या आलेल्या दर चौरस मीटरवर सुमारे ६ किलो वजनाइतका रेटा देतो. वेग दुप्पट झाला, की रेटा चौपट, म्हणजे २४ किलो. तंबूची उभी बाजू २ चौरस मीटर असेल तर ४८ किलो! म्हणून बुटका, उतरत्या बाजूंचा तंबू निवडावा. त्याच्या काठ्या एकमेकींना जितक्या जास्त ठिकाणी छेदतील, तितका सांगाडा ताठ राहतो. ॲल्युमिनियमच्या काठ्या हलक्या असतात आणि वाकल्या तरी बहुधा सरळ करता येतात. फायबरग्लासच्या काठ्या चिरफळतात.

आता पाणी. तंबूच्या कापडावर '१५०० मिमी' असा आकडा लिहिलेला असतो. याचा अर्थ, पाण्याचा तेवढ्या उंचीचा स्तंभ ते कापड पेलते. वर्गात हे करून पाहता येईल. जुन्या छत्रीचे कापड पारदर्शक नळीच्या तोंडाशी घट्ट बांधा, नळी उभी धरून वरून हळूहळू पाणी ओता आणि पहिले थेंब कोणत्या उंचीला झिरपतात ते मोजा.

छताला १५०० मिमी सहसा पुरतात. जमिनीला मात्र नाही. ५० किलो वजनाचा विद्यार्थी गुडघ्यांवर बसला आणि टेकलेला भाग १०० चौरस सेंटिमीटर असला, तर दाब ५ मीटर उंच स्तंभाइतका होतो! म्हणून जमिनीचे कापड जाड हवे, किंवा वर चटई हवी.

सकाळी तंबू आतून ओला दिसला, की तो गळका आहे असे आपण म्हणतो. पण झोपेत एक माणूस श्वास आणि त्वचेवाटे साधारण पाव लिटर पाणी बाहेर टाकतो. ते गार कापडावर जमते. दुहेरी कापडाच्या तंबूत ते बाहेरच्या थरावर जमते आणि अंथरूण बरेचसे कोरडे राहते. त्यासाठी थोडे वजन वाढले तरी चालेल.

एवढे करूनही नायलॉन भिजल्यावर सैलावते, तेव्हा झोपण्यापूर्वी ताणदोऱ्या पुन्हा आवळाव्यात. कातळात खुंट्या शिरत नाहीत; तिथे दोऱ्या जड दगडांना बांधाव्यात. आणि विजेपासून कोणताही तंबू वाचवत नाही. वादळाची चिन्हे दिसताच कडा सोडून खाली उतरणे, हाच तिथे खरा आसरा.